अल्कोहोल मार्करने नाताळची ग्रीटिंग करतेय, रंग रेषेबाहेर पळतोय. काय चुकतंय?

कृष्णाकाठची | २८ नोव्हेंबर, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. चित्रकला माझा प्रांत नाही, शाळेत एलिमेंटरी दिली होती आणि त्यात सी ग्रेड, एवढीच कमाई. मुलीला वाढदिवसाला कुणीतरी ४८ रंगांचे अल्कोहोल मार्कर दिले, ती दोन दिवस खेळली आणि आता तो डबा माझ्याकडे आलाय. म्हटलं यंदा नाताळची ग्रीटिंग हातानं करू. एकूण २२ हवीत.

२२ का, तर माझी आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ३१ वर्षं नर्स होती. तिच्या बरोबरीच्या निम्म्या मैत्रिणी ख्रिश्चन. दर डिसेंबरला घरी ग्रीटिंग यायची, आम्ही दिवाळीला फराळ आणि ग्रीटिंग पाठवायचो, ही देवघेव कितीतरी वर्षं चाललेली. ती सगळी कार्डं आईनं पत्र्याच्या ट्रंकेत जपली होती. २०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या जुन्या घरात पाणी आलं आणि ट्रंक गेली. म्हणजे ट्रंक आहे, आतला लगदा उन्हात वाळवून शेवटी टाकून दिला. आई आता ७६ ची, माझ्याकडे असते. मैत्रिणी विखुरल्या, कोण सोलापूर कोण पुणे कोण नगर. फोनवर बोलतात पण ऐकू दोन्हीकडून कमी, त्यामुळे दोघी आपापलं बोलतात आणि ठेवतात.

तर आता अडचणी सांगते. एक, रंग पेन्सिलीच्या रेषेबाहेर जातो, मी आतच थांबले तरी. दोन, मोठा भाग भरला की पट्टे पट्टे दिसतात, भिंतीला खराब पोचारा मारल्यासारखे. तीन, कागदाच्या मागे सगळं उमटतं, आणि मागेच तर मजकूर लिहायचाय! कागद मुलीच्या ड्रॉइंगच्या वहीचा वापरलाय. मागच्या पानावरही उमटलं, त्याच्या मागच्याही, आणि शेवटी डायनिंग टेबलावर.

---

भडंगपुडी | २८ नोव्हेंबर, रात्री १०.३२

ओ ताई, मथळ्यात अल्कोहोल वाचून धावत आलो की. आत बघतोय तर रंगकाम चाललंय. फसवणूक हाय ही.

---

रंगारी_तासगाव | २८ नोव्हेंबर, रात्री ११.०५

ताई तुमचं काही चुकत नाहीये, कागद चुकतोय.

या मार्करची शाई म्हणजे रंग स्पिरिटमध्ये विरघळवलेला असतो. कागदाला टेकवला की शाई खाली जाते आणि आडवीही पसरते, टीपकागदासारखी. ड्रॉइंगच्या वहीचा कागद सैल विणीचा, खरखरीत, तो शाई पीतच राहतो. तुम्हाला गुळगुळीत आणि घट्ट कागद पाहिजे. ब्रिस्टॉल (चित्रकलेचा जाड गुळगुळीत कागद) मिळाला तर उत्तम, नाहीतर साधी आयव्हरी शीट, २५० किंवा ३०० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन. आणि घट्ट कागदावरसुद्धा शाई थोडी पसरतेच, म्हणून रेषेपर्यंत जायचंच नाही. तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढी जागा सोडून थांबायचं, उरलेलं अंतर शाई स्वतः चालत जाते.

पट्ट्यांचं कारण वेगळं. तुम्ही एक ओळ मारता, ती वाळते, मग शेजारी दुसरी ओळ मारता. जिथं दोन्ही एकमेकींवर चढतात तिथं दोन थर होतात आणि गडद रेघ येते. कड ओली असतानाच पुढची ओळ तिला भिडवायची. मध्ये फोन घ्यायचा नाही, गॅसवरचं दूध बघायला जायचं नाही. एक आकार हातात घेतला की संपवूनच उठायचं. छोटे छोटे गोल फिरवत गेलात तर पट्टे अजून कमी दिसतात.

---

कृष्णाकाठची | २८ नोव्हेंबर, रात्री ११.१८

दूध! तुम्हाला कसं कळलं 😀

टेबलावरचे डाग कसे काढू? सनमायका आहे. ह्यांनी अजून बघितलेलं नाही, वर प्लेसमॅट ठेवलाय.

---

सातारी_कंदी | २८ नोव्हेंबर, रात्री ११.२५

हँड सॅनिटायझर. करोनातल्या बाटल्या असतीलच घरात पडलेल्या. कापसावर घेऊन पुसा, जी शाई स्पिरिटनं आली ती स्पिरिटनंच जाईल. पॉलिश केलेल्या लाकडावर मात्र करू नका, पॉलिशच निघेल. अनुभवाचे बोल, सासूबाईंचा पाट.

---

ठाम_मत | २९ नोव्हेंबर, सकाळी ७.०२

सगळं ठीक आहे, पण आपल्या सणांना कोण एवढं करतंय? दिवाळीला किती जणांनी हातानं ग्रीटिंग केली ते सांगा आधी. नाताळ आला की सगळे लगेच लाल टोप्या घालून तयार.

---

कृष्णाकाठची | २९ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

दादा, वर लिहिलंय की दिवाळीला आम्ही ग्रीटिंग पाठवायचो. आणि तुम्हाला वाटतं तसं नाहीये ते. आईच्या मैत्रिणींकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, सगळा आपलाच फराळ व्हायचा. आम्ही लहान असताना वर्षातून दोनदा दिवाळी खायचो. आई तर म्हणते तिची चकली सोलापूरच्या मावशीनं सुधारली, भाजणीत धने वाढवायला तिनंच सांगितलं.

---

भडंगपुडी | २९ नोव्हेंबर, सकाळी ८.५५

ठाम भाऊ, चकलीवर मत द्या आता ठाम.

---

मिरजमेल | २९ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

मिशन हॉस्पिटलचं नाव वाचलं आणि लिहायला बसलो. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली ते सुरू केलं, आणि आमच्या लहानपणी कर्नाटकातून, कोकणातून पेशंट रेल्वेनं यायचे. माझा जन्म तिथलाच. मिरजेत अजूनही जुनी माणसं 'मिशनात नेलंय' असंच म्हणतात. तुमच्या आईंनी मला पहिल्यांदा पुसलेलं असण्याची शक्यता आहे, साल १९७९, त्यांना विचारा आठवतंय का, खूप रडायचो म्हणे.

धाग्याबद्दल बोलायचं तर मला रंगातलं शून्य कळतं. पण कार्डावर काय काढताय ते तर सांगा?

---

कृष्णाकाठची | २९ नोव्हेंबर, दुपारी १.१५

आईला वाचून दाखवलं. म्हणाली १९७९ मध्ये सगळीच रडायची 😀

काढायचं म्हणजे नेटवर बघून ठरवलं होतं: बर्फातलं घर, देवदाराचं झाड, आणि तो लाल छातीचा छोटा पक्षी. आई म्हणाली, "बर्फ कशाला? मिरजेत कधी पडला बर्फ?" आता परत विचारात पडलेय.

---

टपाल_निवृत्त | २९ नोव्हेंबर, दुपारी ४.००

तो पक्षी रॉबिन. त्याचा आणि आमच्या खात्याचा संबंध आहे म्हणून सांगतो. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडातल्या पोस्टमनचा कोट लाल असायचा, लोक त्यांना गमतीनं रॉबिनच म्हणायचे. नाताळला कार्ड घेऊन दारात येणारा तो लाल कोटवाला, म्हणून कार्डावर चोचीत पाकीट धरलेला रॉबिन येऊ लागला असं सांगतात. आपल्याकडे पोस्टमन खाकीत. त्या हिशोबानं तुम्ही साळुंकी काढायला हरकत नाही.

छापील नाताळकार्डाची सुरुवातही टपालाशीच जोडलेली. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत कुठंही पत्र जायला लागलं. त्या योजनेत खटपट केलेले हेन्री कोल म्हणून गृहस्थ, त्यांना १८४३ च्या डिसेंबरात इतक्या लोकांना पत्रं लिहायला वेळ होईना. मग जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि हजारभर प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग, त्या काळी महागच. म्हणजे मूळ कार्ड हे हातानं लिहायचा कंटाळा आला म्हणून निघालेलं आहे, आणि तुम्ही उलट दिशेनं निघालाय.

---

सातारी_कंदी | २९ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

आणि त्या चित्रात अख्खं कुटुंब वाइन पितंय आणि एका लहान पोरीच्या तोंडालाही ग्लास लावलाय, त्यावरून तेव्हा दारूबंदीवाल्यांनी बोंब मारली होती. भडंगपुडी, घ्या, तुमचं अल्कोहोल सापडलं.

---

भडंगपुडी | २९ नोव्हेंबर, दुपारी ४.२२

जीव भांड्यात पडला. तासगावच्या द्राक्षांचा घड काढा मग कार्डावर, आपला जिल्हा पण येतोय आणि इतिहास पण.

---

शास्त्रीनात | २९ नोव्हेंबर, रात्री ९.१०

गंमत बाजूला, स्थानिक काहीतरी काढा हे मलाही पटलं. नाताळचा तारा काढा ना. पाच टोकांचा, आत दिवा, बांबूच्या काड्यांचा. आमच्या साताऱ्यात दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोवर ख्रिश्चन घरांवर तारे लागतात. लहानपणी मला वाटायचं की आम्ही उतरवलेले कंदीलच ते नेतात.

आणि लाल रंग हवाच असेल तर पॉइन्सेटिया. त्याच्या लाल पाकळ्या या पाकळ्या नसतातच, पानं असतात, खरं फूल मधलं पिवळं बारीक. रात्री मोठ्या झाल्या की वरची पानं लाल होतात, म्हणून बरोबर डिसेंबरात रंगतं. मूळचं मेक्सिकोचं, पण आमच्या शेजारच्या जुन्या बंगल्यात कंपाउंडपेक्षा उंच झालंय, त्याला कुणी विदेशी म्हणत नाही. मार्करसाठी सोपं पण आहे, मोठे साधे आकार, मधोमध शीर.

---

रंगारी_तासगाव | २९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

पॉइन्सेटिया एकदम बेस्ट. असं करा.

तीन लाल निवडा, फिका, मधला, गडद. टोपणाच्या रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका, टोपण एक सांगतं आणि कागदावर दुसरंच येतं. ज्या कागदावर कार्ड करणार त्याच्याच तुकड्यावर ४८ चे ४८ चौकोन भरून शेजारी नंबर लिहून ठेवा. अर्धा तास जातो पण पुढचे दहा तास वाचतात. आणि वाळल्यावर रंग थोडा उजळतो, तेव्हा वाळल्यावरच ठरवा.

मग आधी अख्खं पान फिक्या लालनं भरायचं. ओलं असतानाच देठाकडून मधला लाल झटक्यानं बाहेर ओढायचा, म्हणजे पेन टेकवायचं आणि सुर्रकन उचलायचं, केरसुणी झटकल्यासारखं. अगदी देठाशी गडद. आता खरी युक्ती, परत फिका लाल घ्यायचा आणि दोन रंगांच्या सांध्यावरून फिरवायचा. फिक्या शाईतलं स्पिरिट गडद रंगाला सैल करतं आणि सांधा पुसला जातो. बहुतेक नवशिके ही शेवटची फेरीच करत नाहीत आणि मग म्हणतात मार्कर खराब.

हे ब्रशसारख्या मऊ टोकानं करा. दुसरं तिरकं रुंद टोक मोठ्या पार्श्वभूमीसाठी.

पांढरा रंग या मार्करमध्ये नसतो. शाई पारदर्शक आहे, गडदावर फिका चढत नाही. जे पांढरं हवं ते कोरं सोडायचं, किंवा सगळं वाळल्यावर पांढऱ्या जेल पेननं ठिपके द्यायचे. सेटमध्ये एक बिनरंगाचा मार्कर असेल, तो खोडरबर नाहीये. तो रंगाला नुसता ढकलतो. रेषेबाहेर गेलेला रंग त्यानं थोडा आत रेटता येतो, पण फार घासलं तर मागे पुसट डाग उरतो.

---

झेरॉक्सवाली | ३० नोव्हेंबर, सकाळी ११.००

२२ वेळा तेच चित्र काढत बसणार का? एकदा काळ्या पेननं चांगलं काढा, आयव्हरी शीटवर झेरॉक्स मारा आणि नुसते रंग भरा. आमच्या दुकानात कॉलेजच्या पोरी हेच करतात.

---

सातारी_कंदी | ३० नोव्हेंबर, सकाळी ११.३०

नको गं बाई, मी केलं होतं मागे, काळं सगळं पसरलं लालमध्ये, पानं सडल्यासारखी दिसायला लागली.

---

झेरॉक्सवाली | ३० नोव्हेंबर, सकाळी ११.४५

झेरॉक्स होती का घरच्या प्रिंटरची प्रिंट?

---

सातारी_कंदी | ३० नोव्हेंबर, दुपारी १२.१०

घरचा प्रिंटर. शाईच्या बाटल्यांवाला. काढली आणि लगेच रंगवली.

---

रंगारी_तासगाव | ३० नोव्हेंबर, दुपारी २.००

तिथंच तर फरक आहे. झेरॉक्समध्ये टोनर असतो, कोरडी भुकटी गरम करून कागदावर चिकटवलेली. घरच्या प्रिंटरमध्ये ओली शाई, ती नीट वाळली नाही तर जाते, काही शाया वाळूनही जातात. कॉपिक नावाचे जपानी मार्कर १९८७ साली आले ते याच कामासाठी, झेरॉक्सवर रंग भरला तरी टोनर विरघळू नये म्हणून. नावच कॉपीवरून पडलंय. आता प्रत्येक स्वस्त सेटचं स्पिरिट तितकं गुणी असेलच असं नाही, तेव्हा एका झेरॉक्सच्या कोपऱ्यात फिका पिवळा फिरवून बघा. पिवळा मळला तर नाद सोडा.

काळ्या पेनाचंही तसंच. वॉटरप्रूफ लिहिलेलं सगळंच स्पिरिटप्रूफ नसतं. मी सरळ आधी रंग भरतो, वाळू देतो, रेषा शेवटी.

---

झेरॉक्सवाली | ३० नोव्हेंबर, दुपारी २.१५

रेषा शेवटी म्हणजे २२ वेळा रेषा. ताईंना डिसेंबरातच पाठवायची आहेत ना, पुढच्या का?

---

ठाम_मत | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

झेरॉक्सवर रंग भरले तर ते हातानं केलेलं म्हणायचं का? हा एक साधा प्रश्न.

---

शास्त्रीनात | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.५०

साच्यातली करंजी हातची नसते का?

---

ठाम_मत | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.५८

नसते. आमच्याकडे कातणानं कापतात, साचा घरात नाही.

---

मिरजमेल | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१०

भाऊंचं पहिलं मत जे मला पटलं.

---

कृष्णाकाठची | २ डिसेंबर, रात्री ९.५०

अपडेट देते. आयव्हरी शीट आणली, काय फरक पडलाय! रेषेबाहेर जवळजवळ जात नाही. पण स्टेशनरीच्या दुकानात दोन प्रकार दाखवले, एक मंद आणि एक चकचकीत. मी हौसेनं चकचकीत पण घेतली, त्यावर रंग मुरेचना. वरच्या वर तरंगतो, बोट लावलं की निघून येतो, एकात एक मिसळायला गेले तर खालचाच उचलला. १० शीट वाया. आणि मागे उमटणं मात्र ३०० जीएसएमलाही थांबलेलं नाही, थोडं कमी झालं इतकंच.

---

पत्रिकावाला_गणपती_पेठ | २ डिसेंबर, रात्री १०.३०

मॅडम वाया नाही, चकचकीत शीट घडी घालून बाहेरचं कार्ड करायला वापरा. रंगकाम वेगळ्या तुकड्यावर करून वर चिकटवायचं, म्हणजे मागे कितीही उमटू दे. आतली बाजू कोरी राहते, निवांत लिहा. आणि चित्र बिघडलं तर तेवढा तुकडाच जातो, अख्खं कार्ड नाही.

चिकटवायला डबल टेप घ्या. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, कागद पापडासारखा वाकडा होतो. घडीच्या जागी आधी पट्टी लावून रिकाम्या बॉलपेननं दाबून रेघ मारा, मग घडी घाला. जाड कागद तसाच दुमडला तर पाठीवर फुटतो. लग्नपत्रिकेला आम्ही मशीनवर हेच करतो, क्रीझिंग म्हणतात.

आणि शीट विकत कशाला घेताय, कुठल्याही पत्रिकावाल्याकडे कटिंगच्या पट्ट्या निघतात, लग्नसराईत तर पोतं पोतं. मागितल्या तर कुणी नाही म्हणणार नाही.

---

टपाल_निवृत्त | ३ डिसेंबर, सकाळी ६.४५

वजन बघा हं. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट. ए-फोर आकाराची ३०० जीएसएम शीट एकटीच पावणेएकोणीस ग्रॅम भरते. तिला मधोमध दुमडून कार्ड केलं, वर चित्राचा तुकडा, वर पाकीट, की २० च्या पुढे गेलंच. मग कमी तिकिटाचं पत्र म्हणून समोरच्याकडून दंड घेतात. ७५ वर्षांच्या बाईंना नाताळच्या दिवशी दंड भरायला लावू नका. शीट अर्धी कापा, म्हणजे ए-फाइव्हची घडी. कार्ड साडेनऊ ग्रॅम, चित्राचा तुकडा चार, पाकीट चार. १८ च्या आत सगळं बसतंय.

वर मणी, टिकल्या, गाठी मारलेल्या रिबिनी लावू नका. शिक्का मारताना त्यावर दणका बसतो. पत्ता बॉलपेननं, पिनकोड सुटा सुटा आणि ठळक. १२ तारखेच्या पुढे जाऊ नका. रजिस्टर करायचं मनात असेल तर ते आता १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिळवलंय, खिडकीवर रजिस्टर म्हणून मागू नका. पण ग्रीटिंग साधंच पाठवावं असं माझं मत. पोस्टमन सही मागत उभा राहिला की म्हातारी माणसं घाबरतात, वाटतं कोर्टाचं काहीतरी आलंय.

---

मिरजमेल | ३ डिसेंबर, सकाळी ९.००

काका, खात्यानं तुम्हाला निवृत्त करून मोठी चूक केली.

---

माई_वाई | ३ डिसेंबर, दुपारी ३.२०

मी दोन वर्षं हे मार्कर वापरतेय म्हणून माझे दोन पैसे. पेनं आडवी ठेवा. उभी ठेवली की शाई एका टोकाला उतरते आणि वरचं टोक कोरडं पडतं. टोपण टक् आवाज येईपर्यंत दाबा, दोन्ही बाजूंची. माझे सहा मार्कर टोपण नीट न लागल्यानं गेले, त्यातला एक त्वचेच्या रंगाचा, तो तर रोज लागणारा. कोरड्या पडलेल्यात मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन-चार थेंब सोडलं तर परत चालतात, पण रंग फिका होतो, पहिल्यासारखं नाही.

खिडकी उघडी ठेवून बसा. आईंना दमा वगैरे असेल तर वेगळ्या खोलीत. शेजारी मेणबत्ती, उदबत्ती नको, स्पिरिट आहे ते.

आणि एक कुणी सांगितलं नाही, हे रंग उन्हात उडतात. मी एक कार्ड फ्रेम करून खिडकीसमोर लावलं, पावसाळ्यापर्यंत गुलाबी पांढरा झाला. पाकिटात, ट्रंकेत ठेवली तर टिकतात.

---

कृष्णाकाठची | ३ डिसेंबर, रात्री १०.००

ट्रंकेत... आमच्या ट्रंकेचा अनुभव वर लिहिलाच आहे. पाण्यात काय होतं या रंगाचं?

---

माई_वाई | ३ डिसेंबर, रात्री १०.२५

वाळल्यावर पाण्यानं सहसा जात नाही. माझ्या एका कार्डावर चहा सांडला होता, कागद फुगला पण फूल तसंच होतं. स्केचपेनचं मात्र पार वाहून जातं. आता पुराचं पाणी आणि चहा एक नव्हे ते मला कळतंय.

---

भडंगपुडी | ३ डिसेंबर, रात्री १०.४०

ट्रंक यावेळी माळ्यावर ठेवा ताई. पाणी किती चढतंय ते आपल्याला आता पाठ झालंय.

---

शास्त्रीनात | ५ डिसेंबर, दुपारी १२.००

आत काय लिहिणार? कृपा करून इंग्रजीतलं छापील वाक्य नको. ख्रिस्ती मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक शेवटच्या काळात आमच्या साताऱ्यात राहायला होते, नाताळबद्दल मराठीत बोलायची आपल्याकडे चांगली जुनी सवय आहे. आईंना बोलायला सांगा आणि तुम्ही लिहा.

---

कृष्णाकाठची | ५ डिसेंबर, रात्री ११.१५

तेच चाललंय आणि त्यानंच उशीर होतोय! आई प्रत्येकीला वेगळं सांगते. एकीला, "तुझ्याकडे माझा स्टीलचा डबा राहिलाय १९९१ पासून, असू दे." एकीला नुसतं, "गुडघा कसा आहे." नगरच्या मावशीला अख्खं पान, त्यात निम्मा एका मेट्रनचा उद्धार, ते इथे लिहीत नाही. मग आठवलं की २४ तारखेच्या रात्री नर्सिंगच्या मुली हातात कंदील घेऊन वॉर्डावॉर्डातून गाणी म्हणत जायच्या, दिवे मालवलेले असायचे, पेशंट उठून बसायचे. रात्रपाळीला असली की आईही दाराशी उभी राहायची. म्हणाली, ते काढ.

आता मला माणसं काढता येत नाहीत. एलिमेंटरी, सी ग्रेड.

---

रंगारी_तासगाव | ६ डिसेंबर, सकाळी ८.००

माणसं काढूच नका. अंधार काढा.

मधोमध चार-पाच कंदिलांचे ठिपके कोरे सोडा. भोवती फिका पिवळा, त्याभोवती भगवा, मग तपकिरी, मग गडद निळा बाहेरपर्यंत. प्रत्येक सांध्यावर आतल्या फिक्या रंगाची फेरी. पिवळा आणि निळा थेट भिडू देऊ नका, हिरवं होईल, मध्ये तपकिरी राहू दे. कंदिलाखाली पांढऱ्या साडीची नुसती उभी पट्टी कोरी सोडा, डोकं गडद ठिपका. लांबून बघितलं की बायका दिसतात. निळा भरताना हात थांबवू नका, आणि खाली रद्दी ठेवा, निळा सगळ्यात जास्त झिरपतो.

आणि ही २२ काढायची असतील तर जेवणाचं बाहेरून मागवा.

---

मिरजमेल | ६ डिसेंबर, सकाळी ८.२०

२३ करा. एक मला. पैसे देतो.

---

कृष्णाकाठची | १२ डिसेंबर, दुपारी ४.३०

टाकली पोस्टात! सात कंदिलांची, पंधरा पॉइन्सेटियाची. कंदिलांची आणखी पाच बिघडली, त्यातल्या दोनांत हिरवं झालंच. पॉइन्सेटिया शेवटी झेरॉक्सवरच केली, ठाम_मत यांची क्षमा मागून. टोनर पसरला नाही, पिवळ्यानं तपासलं होतं. सगळ्यांना पाचचं तिकीट पुरलं, पोस्टातल्या बाईंनी एक वजन करून बघितलं, १७ ग्रॅम. काका, दंडवत.

सनमायका साफ आहे. प्लेसमॅटच्या खाली नवीन निळा डाग आहे पण तो उद्या.

---

ठाम_मत | १२ डिसेंबर, संध्याकाळी ५.१०

संक्रांतीला तिळगुळाबरोबर असं कार्ड द्यायचं असेल तर काळ्या साडीवर हलव्याचे दागिने कसे दाखवायचे? पांढरं कोरं सोडायचं की जेल पेन? बायको विचारतेय.

---

रंगारी_तासगाव | १२ डिसेंबर, संध्याकाळी ५.४०

बायको विचारतेय. बरं. जेल पेन, आणि काळा पूर्ण वाळू द्या, नाहीतर टोकात काळी शाई शिरून पेन बाद होतं. एकेक ठिपका ठेवायचा, ओढायचा नाही.

---

कृष्णाकाठची | १८ डिसेंबर, रात्री ८.४५

सोलापूरच्या मावशीचा फोन आला होता, कार्ड पोचलं. स्पीकरवर टाकलेला, दोघी ओरडून बोलत होत्या. मावशी म्हणाली, अगं चित्र कुणी काढलं, हुबेहूब आपला वरचा वॉर्ड. आमच्या मातोश्री माझ्याकडे बघत बघत म्हणाल्या, "मीच काढलं, वेळ असतो ना आता."

---

भडंगपुडी | १८ डिसेंबर, रात्री ८.५०

आईंना ए ग्रेड.

---

मिरजमेल | १८ डिसेंबर, रात्री ९.०५

माझं २३ वं कुठाय?

---

कृष्णाकाठची | १८ डिसेंबर, रात्री ९.२०

हिरवं झालेल्यातलं एक चालेल का? गडद निळा संपलाय.